पंचावन्न सालचं गाव

नेगॉनी, मिशिगन
१७ जानेवारी १९९९

ती. आयलीताई हिस,
सा. न. वि. वि.

डाव्या अंगठ्याने छोट्या इंजिनाचं छप्पर दाबून धरलंय आणि उजव्या हाताने हे लिहितोय, तेव्हा अक्षराला हसू नकोस. गोंद धरेपर्यंत अंगठा काढता येत नाही. आत आवाजाची नवी चिप बसवलीय. आता हे इंजिन चढावर धापा टाकतं आणि पुलाआधी शिट्टी देतं. आजारी पडण्याआधी आर्वोने चिपा आणून ठेवल्या होत्या, त्यातल्या निम्म्या बसवून झाल्या.

घर ठीक आहे. नळ गोठले नाहीत. बर्फ खिडकीच्या कडेला टेकलंय. तुम्ही दोघं नवराबायको डलूथला लेकीकडे, डार्लीनकडे गेल्यापासून मी वर फक्त झोपायला जातो. बाकी वेळ तळघरात, आर्वोच्या छोट्या रेल्वेपाशी.

वाचनालयात आपल्या गावाचे पंचावन्न सालचे फोटो मिळाले. आर्वो म्हणायचा, त्याच्या रेल्वेतलं गाव पंचावन्न सालचं आहे, पण स्टेशन त्याने रुळांच्या चुकीच्या बाजूला बसवलंय. खाणीच्या चिमणीला एक पट्टा जास्त आहे. मी हळूहळू सगळं नीट करतोय. गेल्या शनिवारी मार्क्वेटच्या छोट्या रेल्वेवाल्यांच्या क्लबची माणसं बघायला आली होती. एक जण म्हणाला, आता हे खेळणं वाटत नाही. त्या दिवशी जेवण गोड लागलं.

आर्वोला यातलं काही सांगू नकोस. आल्यावरच दिसू दे.

लोभ आहेच, थोडा वाढला तर माझी तक्रार नाही.

तुझा
रेइनो


डलूथ, मिनेसोटा
२८ जानेवारी

चि. रेइनो यास,
अ. उ. आ.

इंजिन धापा टाकतं एवढंच आर्वोला वाचून दाखवलं. तो हसला, अर्ध्या तोंडाने का होईना.

आता नीट ऐक. अर्धांगाचा झटका आल्यापासून त्याला नावं सापडत नाहीत. माणूस ओळखतो, नाव येत नाही. माझंही नाही. परवा गोधडीवर त्याचं बोट फिरताना पाहिलं. मला वाटलं शिवण उसवतोय, म्हणून हात बाजूला केला, तर रागावला. तो गाडी चालवत होता. खाणीतून निघाला, डोंगराला वळसा घातला, पूल ओलांडला आणि गावात शिरला. गावात प्रत्येक दुकानापाशी बोट थांबे. त्या गावात त्याने आपल्या सगळ्यांना एकेक दुकान दिलंय ना. मला बेकरी, कारण मी आयुष्यात एक पाव धड भाजला नाही. डार्लीनला फुलांचं. तुला विजेच्या सामानाचं, आणि नेमक्या त्याच दुकानात दिवा लावलेला नाही. तर बेकरीच्या जागी बोट थांबलं आणि तोंडातून आ निघाला. पुढे काही नाही. पण आ निघाला, रेइनो.

बोलणं शिकवायला मिस ओडेगार्ड येते. पोरसवदा आहे, पण समजूतदार. ती म्हणाली, हात बरोबर जातोय, आता डोळ्यांना मदत द्या, दुकानांचे फोटो आणा, पाट्या वाचता येतील असे. तर फोटो काढ. खाणीपासून थेट तळ्यावरच्या धक्क्यापर्यंत, एकही जागा न सोडता.

डार्लीनला मी हे बोलले नाही, पण मला माझं नाव ऐकायचंय. या वयात हे काय खूळ, असं म्हणू नकोस.

जेवत जा. पत्राची वाट बघते, लोभाची बघावी लागत नाही.

तुझी
आयलीताई


नेगॉनी
९ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

सोबत फोटो पाठवतोय. खाण, डोंगर दोन बाजूंनी, पूल आणि धक्का. गावाचे नीट आले नाहीत. फ्लॅश पाट्यांवर चमकतो. त्यात रीळ संपलं, आणि दुकानात सध्या नाही म्हणतात. आलं की काढतो.

शेजारच्या रुडीचा ट्रक बर्फात रुतला होता. आम्ही चौघांनी ढकलला आणि तो आत बसून आम्हालाच शिकवत होता. बाकी विशेष नाही.

लोभ असू दे.

रेइनो


डलूथ
२० फेब्रुवारी

चि. रेइनो यास,
अ. आ.

फोटो मिळाले. आर्वो पूल ओलांडून पुढे गेला, आणि पुढे कागदच नाही. त्याने पुलाचा फोटो उलटून पाहिला, गाव मागच्या बाजूला असेल म्हणून. मग पाकिटात हात घालून चाचपलं. मी म्हटलं, येतंय, रेइनो पाठवतोय.

रुडीच्या बायकोचा फोन आला होता. ती म्हणते, दुकानात रिळं ढिगाने आहेत. थाप मारलीस की लहानपणी तुझे कान लाल व्हायचे, आता पत्रसुद्धा लाल व्हायला लागलं. काय झालंय? तळघरात पाणी शिरलं? उंदरांनी खाल्लं? जे असेल ते लिही. पाण्यावर आणि उंदरांवर मी कशाला रागावू?

उलट टपाली लिही, म्हणजे लोभ आहे असं समजेन.

ताई


नेगॉनी
१ मार्च

ती. ताईस,
सा. न. पुढे विनंती लिहायची रीत आहे, ती आज सोडतो.

पाणी शिरलं नाही. उंदीर नाहीत. मी होतो.

पंचावन्न सालच्या फोटोत त्या जागी बेकरी नाही. फुलांचं दुकान नाही, माझंही नाही. तिथे लाकडाची वखार होती. म्हणून मी दुकानं काढली. पातळ सुरीने, बुडातून, रस्त्याची कड न मोडता. हात किती स्वच्छ चालतोय, याचाच आनंद होत होता. मग वखार केली, तिची एकेक फळी वेगळी कापून वेगळी रंगवली. क्लबच्या माणसांना आवडली ती हीच.

काढलेली दुकानं ठेवली असती तर आज परत चिकटवली असती. पण त्या दिवशी सौना, आपली वाफेची न्हाणी, तापवायची होती. जुना पुठ्ठा आणि काड्या, चटकन पेटतात. भट्टीत घातली. दगडांवर पाणी टाकत बराच वेळ बसलो. छान घाम आला. इतकं लिहायची गरज नव्हती, पण रिळाबद्दल खोटं लिहिल्यावर आता अर्धवट लिहून थांबता येत नाही.

तुझं जानेवारीतलं पत्र आलं तेव्हा राख बादलीत होती. अंगणातली वाट निसरडी झाली होती, म्हणून ती वाटेवर पसरली. रोज तिच्यावरून जातो.

नवी करून पाहिली. बेकरीला खिडक्या किती होत्या ते आठवेना. दार कुठल्या बाजूला होतं तेही नाही. प्रत्येक इंजिनाच्या कुठल्या बाजूला कोणता खिळा आहे, ते मी डोळे मिटून सांगेन. तुझी बेकरी मी कधी बघितलीच नव्हती.

मी काय करू ते सांग. लोभ मागायला तोंड नाही.

रेइनो


डलूथ
१० मार्च

चि. रेइनो,
आशीर्वाद, सवयीने.

पत्र मिळालं. आर्वोने पाकिटाकडे बोट केलं. मी म्हटलं, हवापाण्याचं लिहिलंय. म्हणजे आता मीही तुझ्या रांगेत.

मिस ओडेगार्ड म्हणाली, काही हरकत नाही, दुसरं काही शोधू. तिने सफरचंदाचं चित्र आणलं, किटलीचं आणलं. आर्वोने भिंतीकडे तोंड केलं. बोट अजून फिरतं, पण पुलाच्या अलीकडे थांबतं, आणि तो माझ्याकडे बघतो. आ यायचाही बंद झाला.

नवी दुकानं करू नकोस. तुझ्या हातची बेकरी मला त्याच्यापुढे ठेवायची नाही. मेमध्ये रस्ते मोकळे झाले की डार्लीन आम्हाला घेऊन येईल. त्याला जे दिसायचं ते दिसेल. तू घरी थांब.

रागावणार नाही असं लिहिलं होतं, ते परत घेते.

ताई


नेगॉनी
१५ मे, रुडीच्या हाती

रेइनो यास,

घरी थांब म्हटलं होतं. किल्ली पायपुसण्याखाली, सूप स्टोव्हवर आणि माणूस तळ्याकाठच्या खोपटात. डार्लीन म्हणाली, मामा सत्तरीला आला तरी लपाछपी सुटली नाही. आर्वोला मी सांगितलं, मासे धरायला गेलाय. तुझ्यापायी खोटं बोलायची मला आता सवयच लागली.

काल दुपारी त्याला तळघरात उतरवलं. जावई पुढे, मी मागे, मध्ये तो. दिवे लावले. तो रुळांच्या कडेने बघत गेला. खाण, डोंगर, पूल. मग गाव. वखारीपाशी थांबला. मी अगदी शेजारी उभी होते. मनात आलं, जागा तर तीच आहे, कदाचित. त्याने माझ्याकडे पाहिलंच नाही. वाकून एकेक फळी पाहिली. मग खाणीत असताना द्यायचा ती शिवी दिली, पूर्ण, एकही अक्षर न गाळता. आणि म्हणाला, रेइनो.

झटक्यानंतरचं पहिलं नाव. डार्लीन रडायला लागली. मी जिन्यावर बसले. इतके महिने मी कान लावून होते, आणि आलं ते तुझं. मला वाईट वाटलं नाही असं लिहिणार नाही. मिस ओडेगार्डला फोन केला. ती म्हणाली, रागाने आलं तरी नाव ते नाव, ज्याचं आलं त्याला समोर बसवा, मागून बाकीची येतील. येतीलच असं मात्र ती म्हणाली नाही.

तेव्हा ये. माफ केलंय म्हणून बोलवत नाही, गरज आहे म्हणून बोलवते. तुझं सूप खारट झालंय.

लोभाचं नंतर बघू.

आयलीताई


नेगॉनी
१६ मे

चि. डार्लीन हिस,
आशीर्वाद.

तुझ्या आईने तुला कळवायला सांगितलं, म्हणून लिहितो. काल तू डलूथला परत निघालीस, त्यानंतर रुडीने मला तिचं पत्र आणून दिलं. अजून उजेड होता, लगेच निघता आलं असतं. दोनदा गाडीत जाऊन बसलो आणि दोनदा उतरलो.

आज सकाळी गेलो. तुझे बाबा कॉफी घेत होते. मला पाहून त्यांनी नाव घेतलं, मग शिवी दिली, मग परत नाव घेतलं. तुझी आई कप विसळत होती, ती वळली नाही. मी त्यांना तळघरात नेलं. त्यांनी डाव्या हाताने वखार उपटली आणि खाली टाकली. मला एक पुठ्ठा दिला आणि त्यावर पेन्सिलीने रेघ ओढली. रेघ वाकडी आली. मी पट्टी घेतली, ती त्यांनी काढून घेतली. मग मी त्यांच्या रेघेवरून कापलं. दुपारपर्यंत दोन भिंती उभ्या राहिल्या. दुकान कोणाचं ते त्यांना सांगता आलं नाही, आणि मी विचारलं नाही.

तुझा मामा
रेइनो