शिवाच्या पोटऱ्या

हातखंबा, दिवाळीनंतर, १९८८

प्रिय मैना,

जावईबापूंना भात घालतेस ना पोटभर? दिवाळीला आले तर सुक्या बोंबलासारखे दिसत होते. रागावू नको गो, सासूनं जावयाची चेष्टा नाही करायची तर कुणाची? तुझे वडील गेल्यापासून चेष्टेला घरात उरलीय एक म्हैस. ती हसत नाही.

पाळण्याचा विचार आहे असं तू लाजत लाजत लिहिलंस, तेव्हाच मी माझी हिरवी लुगडी फाडून गोधडी शिवायला घेतली. बाळाचा पत्ता नाही नि गोधडी आधी, म्हणून सोनूबाई शेजारीण हसली. पण आता हात चालत नाही बघ. दोन टाके घालते, उठते, पडवीत जाते, परत येते.

तुझ्या गोदाताईच्या शिवाला रत्नागिरीला डॉक्टरला दाखवलं. तू म्हणशील, त्या पैलवानाला काय झालं? मीच त्याला पैलवान म्हणायचे. सात वर्षांचं पोर नि पोटऱ्या माडावर चढणाऱ्या गड्यासारख्या. खोबरेल चोळून आल्यागेल्याला दाखवायचे मी. उठताना मांड्यांवर हात टेकत टेकत उभा राहायचा, तर म्हातारबा म्हणून चिडवायचे. तोही हसायचा. आता त्याला पायरी चढवत नाही. गोदाच्या सासरच्यांनी देवळात कौल लावला, गावचा राखणदार देव कोपलाय म्हणाले.

डॉक्टरीणबाईंनी पोटऱ्या दाबून बघितल्या. म्हणाल्या, आजी, ही ताकद नाही, मांस झडून आत चरबी भरलीय. स्नायूंच्या पेशींना पातळ आवरण असतं. त्याला आतून धरून ठेवणारं एक प्रथिन असतं, डिस्ट्रोफिन, गेल्याच वर्षी त्याला हे नाव मिळालं. आपल्या शिवाच्या अंगात ते बनतच नाही. म्हणजे गोधडीचं कापड आहे, चिंध्या आहेत, पण टाकेच नाहीत. पोर हललं की आवरण फाटतं, आतलं रक्तात झिरपतं. औषध विचारलं तर म्हणाल्या, अजून निघालेलं नाही.

मग त्यांनी विचारलं, तुमच्या माहेरी कुणाला होतं का? मला बाबल्या आठवला, माझा धाकटा भाऊ. तू नाही बघितलास. त्याच्याही पोटऱ्या अशाच. बाबा त्याला पाठीवर घेऊन फिरायचे. मिसरूड फुटायच्या आत गेला. तेव्हाही कौलच लावला होता.

माझंही रक्त मुंबईला पाठवून तपासलं. माझ्यातूनच आलंय गो हे. बायकांना बहुतेक काही होत नाही, आपण नुसत्या वाहतो, भोगतात मुलगे. गोदात उतरलं. तुझ्यात आहे की नाही, कुणाला ठाऊक नाही. म्हणून लिहितेय. पाळण्याचं पुढं नेण्याआधी मोठ्या डॉक्टरकडे जाऊन तपासून घे. जावईबापूंना बरोबर ने, लपवू नको. रागावले तर माझ्यावर रागावू देत, बोंबील म्हटल्याची फिट्टंफाट होईल. काहीही निघालं तरी ही गोधडी तुझीच. शिवा सध्या माझ्याकडे आहे. त्याचे डोळे चांगले, सुई तोच ओवून देतो. टाके दाट घाल गो आजी, म्हणतो. घालतेय.

तुझीच,
आये