सासऱ्यांना बोलतं करताना

६ मे
आजपासून रोजनिशी. मोठी माणसं लिहितात. आमच्या 'अनिबाल गाद्या' या दुकानाच्या जाहिरातीचा कारभार सासूबाईंनी माझ्याकडे सोपवला. म्हणजे मेहुणा रोदोल्फो म्हणाला, "दुसरं कुणी करत नसेल तर द्या यालाच." कुणी विरोध केला नाही. एकमत! महिनाअखेर दुकानाला चाळीस वर्षं होतील. शिवाय शेजारच्या सोलेदाद गावात नवी शाखा निघतेय. तिला मॅनेजर लागेल. तो कोण, हे सांगायला नको.

७ मे
व्हिडिओ एआयवर करणार. रोदोल्फो म्हणतो, कॅमेरावाल्या पेर्दोमोला बोलवू. पेर्दोमो! माझ्या लग्नात नवरी सोडून वेटरचं शूटिंग केलेला माणूस. आमच्या बारांकिया शहरात कुणाला नवं काही कळत नाही. तीन टूल्स तपासून एक निवडायचं. शांतपणे. शास्त्रशुद्ध.

९ मे
पहिलं टूल, फुकटातलं. 'गादीवर निवांत झोपलेली बाई' मागितली. बाई आली. तीन पाय. बायको यादिरा म्हणाली, "डबलबेड खपेल मग." हिचा खवचटपणा माहेरचा आहे. बाईच्या कपाळावर टूलवाल्या कंपनीचा शिक्काही होता.

१२ मे
दुसरं टूल. पाय दोनच. पण गादी पलंगावरून वितळलेल्या चीजसारखी ओघळते आणि आठ सेकंदांत सगळा खेळ खलास. रोदोल्फोने तो व्हिडिओ आमच्या गाद्यांच्या कारखानाभर फिरवला. म्हणे पोट धरधरून हसले सगळे. स्पंज कापणाऱ्यांकडून कलेची काय अपेक्षा ठेवणार?

१४ मे
तिसरं टूल महाग आहे, म्हणजे चांगलंच असणार. एका महिन्यासाठी घेतलं. दुकानाच्या कार्डावर.

१५ मे
वर्षाचं घेतलं गेलंय. बटण नको तिथे ठेवतात हे लोक. यादिराला सांगायचं नाही.

२० मे
दाढी करताना सुचलं! खुद्द सासऱ्यांनाच जाहिरातीत बोलवायचं. दुकान त्यांनीच काढलं, त्यांना जाऊन आता सहा वर्षं झाली. फोटो टाकला की टूल माणसाला बोलतं करतं. यादिराला सांगितलं. तिने हातातली मक्याची अरेपा-भाकरी परत ताटात ठेवली. मग म्हणाली, "आधी आईला विचार." विचारलं तर सरप्राइज कसलं? या घराण्यात कल्पनाशक्ती औषधालाही नाही.

२७ मे
सासरे पापण्या हलवतात. हसतात. फक्त आवाज राजधानीचा, बोगोटाचा आलाय. जन्मभर शब्दातला शेवटचा 'स' गिळणारा माणूस, आता बातम्या वाचल्यासारखा "आपणांस सुखनिद्रा लाभो" म्हणतो. आमच्या किनाऱ्याचा आवाज टूलमध्ये नाहीच. बोगोटा नाहीतर मेक्सिको, एवढंच होतं. असो. गेल्यावर माणसाचं बोलणं थोडं सुधारलं तर बिघडलं कुठे?

१ जून
काल कार्यक्रम झाला. दुकानात पडदा लावला होता. नातेवाईक, पाद्री, जुनी गिऱ्हाइकं, सगळे होते. सासूबाई पुढच्या खुर्चीवर. पडद्यावर सासरे आले, हसले, बोलले. मागून कुणीतरी ओरडलं, "आयला, म्हातारा इतकी वर्षं बोगोटात होता होय!" एकच हशा.

सासूबाई उठल्या. पडद्याजवळ गेल्या, त्यांच्या गालावर हात ठेवला. मला वाटलं, जिंकलो. मग वळून म्हणाल्या, "जावईबापू, हा कोण?"
म्हटलं, "बाबा आहेत, आई."
"नाही. आमचे हे तुमच्याकडे बघून कधी हसले नाहीत."
डोळे पुसत आत गेल्या. यादिरा त्यांच्या मागोमाग. तिने जाताना माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

पब्लिकची अजून तयारी नाही. बाकी सगळं ठीक झालं.

४ जून
सोलेदादची मॅनेजर यादिरा. म्हणजे पद घरातच राहिलं. ती अजून माझ्याशी बोलत नाही, पण कामाच्या ताणात असं होतं.

दुपारी सासूबाईंनी बोलावलं. व्हिडिओ लावा म्हणाल्या, आवाज बंद करून. लावला. पूर्ण पाहिला. पुन्हा लावायला सांगितला. मग म्हणाल्या, "आता पुसून टाका. माझ्यासमोर."
पुसला. दोनदा बटण चुकलं. एसी फार वाढवून ठेवतात.

९ जून
नवी जबाबदारी! दर्शनी काचेमागे गादी टाकून मी स्वतः तिच्यावर पडायचं, म्हणजे रस्त्यावरून लोकांना दिसेल. कल्पना रोदोल्फोची. "एवढं जमेल ना तुला?" म्हणाला. सासूबाई म्हणाल्या, "जमेल. मी बघत आलेय." थोडक्यात, ब्रँडचा चेहरा मीच.

१० जून
पहिला दिवस. उत्तम. भूमिकेत इतका शिरलो की खरीच झोप लागली. दीड वाजता जाग आली. दुकान बंद, बाहेरून कुलूप, सगळे जेवायला गेलेले. मला उठवावं असं कुणाला वाटलं नाही. काचेला नाक लावून दोन बायका बघत होत्या. मी हात हलवला. त्या माझ्या पायाकडे बोट दाखवून हसत होत्या.

अंगठ्याला किमतीची चिठ्ठी अडकवली होती. छापील आकडा खोडून खाली पेनाने निम्मा केलेला. अक्षर यादिराचं.