पाळणा रिकामा बघून घाबरू नकोस

चिंगे,

बाळ माझ्याबरोबर आहे. आज ते शिवणकामाच्या दुकानात कापडाच्या गाठोड्यांवर लोळेल.

तुझ्यासाठी दोन उकडलेली अंडी, वाफवलेल्या शेंगा आणि दही झाकून ठेवलंय. वजन कमी करायला माझी ना नाही गं. पण एवढं पोटात गेलं तर दिवसभर भूक कुरतडत नाही आणि वजनही उतरतं. नुसतं पाणी पिऊन बसलीस तर डोकं गरगरणारच.

"ताई, खाल्लं गं, ताटसुद्धा घासलं!" असं तू रोज सांगतेस. मग गेटवरचं कुत्रं तुला बघून एवढी शेपटी का हलवतं? तू वाळत चाललीस आणि ते गुबगुबीत होतंय. काल चौकीदार म्हणाला, "तुमची बहीण फार मायाळू हो, रोज अंडी खायला घालते त्याला." मी हसले, पण घास काही उतरला नाही रात्री.

परवा बाळाला उचलताना तू दाराची चौकट घट्ट धरलीस, तेही मी पाहिलंय.

तुझ्याइतकं जपून त्याला कुणी घेत नाही, मी आई असूनही नाही, हे मला माहीत आहे. पण उपाशीपोटी चक्कर आली आणि ते हातातून निसटलं तर? म्हणून नेलंय.

रागाव हवं तर, पण खाऊन रागाव. नाहीतर असं कर, हेच डब्यात भरून दुपारी दुकानातच ये. माझ्यासमोर बसून जेव, आणि मग बाळाला घेऊन घरी जा.

ताई