माझा पट्टा पियानोत राहिला

चि. सौ. धाकटीला,

तुझ्या दादाचे ओंजळभर आशीर्वाद. घरचे सगळे ठीक असतील असं धरून चालतो, तरी एकेकाची चौकशी केल्याशिवाय माझं पेन पुढे सरकत नाही. तुझा गुडघा कसा आहे? सासूबाईंना ऐकू येतं का, की अजून हवं तेवढंच ऐकतात? मेहुणेबुवांचा खोकला गेला का (मागच्या पत्रात तू 'थोडा आहे' लिहिलं होतंस, पण त्यांचं 'थोडं' मी पंगतीत पाहिलेलं आहे)? आणि तुझ्या शिलाई मशीनची तब्येत? तिला मी घरातलीच धरतो. वीस वर्षं तिची नाडी माझ्या हातात होती.

मी बरा आहे. एका हाताने पँट सावरत आणि दुसऱ्या हाताने लिहितोय, एवढंच. कारण पुढे येईल.

परवा शनिवारी तुझ्या लेकीच्या विद्यापीठात संगीत विभागाच्या प्राध्यापकांचा कार्यक्रम होता. एवढं वाचून तू पत्राची घडी घालशील हे मला ठाऊक आहे, पण जरा दम धर. ठकीने या संगीतापायी बँकेतली नोकरी सोडली, तू म्हणालीस, "ठोकाठोकीला संगीत म्हणत नाहीत," ती म्हणाली, "मग माझ्याशी बोलू नकोस," आणि जन्मात कुणाचं न ऐकणारी तू, तेवढं मात्र लगेच ऐकलंस. त्याला आता दोन वर्षं होतील. मोडेन पण वाकणार नाही, ही दोघींची जात एकच. मी मधला, म्हणजे मृदंग. दोन्हीकडून थाप मलाच.

तर कार्यक्रम सहाचा, आणि मी चारलाच हजर (मी गाडीलाही दोन तास आधी जातो, त्यामुळे आजवर एकही गाडी चुकली नाही आणि एकही वेळेवर मिळाली नाही). सभागृह रिकामं. शेजारच्या खोलीत गायनवृंदाची तालीम चालली होती. चाळीस माणसं एका सुरात 'श्श' म्हणत होती. मी दोनदा दाराशी जाऊन बघून आलो, मलाच गप्प करताहेत की काय म्हणून. मग मंचावरचा मोठा पियानो दिसला. आता न्हाव्याची नजर जशी समोरच्याच्या डोक्याकडे जाते तशी माझी पियानोकडे. तुला माहीतच आहे, मी शाळेत जाऊन काही शिकलो नाही, जे आलं ते उघडून उघडून आलं. आधी मशीन, मग टाइपरायटर, मग घड्याळं आणि उतारवयात शाळांचे पियानो. सवयीने झाकण उचललं आणि बघतो तर काय! तारांमध्ये स्क्रू, नट, खोडरबराचे तुकडे, आणि एका कोपऱ्यात चक्क कपडे वाळत घालायचा चिमटा. इतक्या थोरामोठ्यांच्या विद्यापीठात वाद्याची ही दशा. माझा जीव तुटला गं. बाह्या सरसावल्या आणि पाऊण तास खपून मी एकूणएक स्क्रू काढला, रुमालाने पुसला, आकाराप्रमाणे लावून चष्म्याच्या डबीत ठेवला. तारांवरून फडकं फिरवलं. मग तिसऱ्या रांगेत, पोरीला हुंडा न देता उजवणाऱ्या बापासारखा, समाधानाने बसलो.

साडेपाचला ठकी आली. मला बघून हसली, पियानोशी गेली आणि सहज एक पट्टी दाबली. सूर असा स्वच्छ निघाला की मी मान डोलावली. तिने दुसरी दाबली, तिसरी दाबली, झाकणाखाली डोकं घातलं आणि तशीच जमिनीवर बसली.

"मामा, इथे कुणी आलं होतं?"

"कुणी नाही. मीच तर होतो," मी म्हणालो आणि डबी पुढे केली. शाबासकीसाठी.

धाकटे, ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने हळूच सांगितलं की हल्लीच्या संगीतात पियानोच्या तारांत हे सगळं मुद्दाम अडकवतात, म्हणजे प्रत्येक सुराचा आवाज पालटतो. सकाळी नवापासून ती तेच करत होती. शेवटची रचना तिची होती, तिने लिहिलेली पहिलीच, आणि ती ऐकून विभागाच्या प्रमुख बाई तिला नोकरीत कायम करायचं की नाही ते ठरवणार होत्या. आणि मी तिच्या दिवसभराच्या मेहनतीवर रुमाल फिरवला होता.

विभागाच्या बाई आल्या. म्हणाल्या, "तुमची रचना वगळूया." मी म्हणालो, "बाईसाहेब, काढणारा मी, बसवणाराही मीच. आधीच्या दोन रचना होईपर्यंत वेळ द्या." त्यांनी ठकीकडे बघितलं. ठकी म्हणाली, "हा माझा मामा." यात हो आलं की नाही, त्यांना कळलं नाही, पण पियानो पडद्यामागे ढकलायला त्यांनी स्वतः हात लावला.

पुढे गायनवृंद 'श्श' करतोय आणि मागे आम्ही दोघं तारांत वाकलेलो. ठकीकडे तक्ता होता, कुठला स्क्रू कुठल्या तारेत किती बोटं आत. ती कुजबुजत सांगायची, मी बसवायचो. आवाज मुळीच करायचा नाही. गायनवृंदाच्या रचनेत मधे एक मिनिट नुसती शांतता लिहिलेली होती (लिहून ठेवावी लागते म्हणे, नाहीतर लोक गातात), आणि नेमक्या त्याच मिनिटात माझ्या हातून एक मोठा नट तारांवर पडला. टण्ण. ठकीने डोळे मिटले. मध्यंतरात एक दाढीवाले गृहस्थ गायनवृंदाच्या सरांना म्हणाले की शांततेतला तो एकच घंटानाद फार धाडसी होता. सरांनी मान लववून आभार मानले. मीही लववली, कुणी बघितलं नाही.

मध्यंतरानंतर व्हायोलिनवाल्या तिघांची रचना लागली आणि आमच्या खालच्या सुरांच्या सात तारा राहिल्या. तिथे तक्त्यात नुसतं प्रश्नचिन्ह. "इथला आवाज मला अजून सापडलाच नाही," ठकी म्हणाली. कसला आवाज हवाय विचारलं, तर सांगेना. मी म्हणालो, "अगं, डॉक्टरला दुखणं आणि कारागिराला आवाज सांगायला लाजू नये."

मग म्हणाली, "आईच्या मशीनचा. दुपारी ती शिवायची आणि मी खाली चादरीवर पडलेली असायचे. चाक फिरलं की दर वेळी एक टिक व्हायचं. तो."

मला हसूच आलं. अगं धाकटे, तो पट्ट्याचा जोड. चामड्याच्या पट्ट्याची दोन टोकं तारेने जोडलेली, ती तार चाकावरून गेली की टिक. मी दर खेपेला म्हणायचो, नवा पट्टा घालतो, आणि तू म्हणायचीस, "राहू दे दादा, तो वाजला की पोरगी झोपते." पट्टा बदलला तो ती परगावी शिकायला गेल्यावर. हे मी तिला सांगितलं. तिला ठाऊक नव्हतं. तिने माझ्याकडे पाठ केली आणि बराच वेळ एकच स्क्रू पुसत राहिली.

स्क्रूने तो आवाज येणारच नव्हता. चामडं हवं, चामड्याला तार हवी. चामडं म्हटलं तर माझ्याकडे एकच होतं. कमरेचा पट्टा सोडला, कात्रीने सात तुकडे केले, प्रत्येकात तारेचा टाका घातला आणि तारांखाली सारले. ठकीने हलकेच पट्टी दाबली. टिक. तीच. मी पँट धरून तिसऱ्या रांगेत जाऊन बसलो.

रचनेचं नाव 'दुपारची शिलाई'. वाजवलं ठकीने स्वतः. मशीन सुरू होते, पळते, मधेच दोरा तुटतो, ती थांबते, दोरा ओवला जातो, पुन्हा टिक, टिक. शेवटी पळण्याचा वेग मंदावत जातो, कुणीतरी झोपलंय म्हणून हळू चालवावी तसा. मला संगीतातलं काही कळत नाही, पण तुझा पाय मी ओळखला. तोच तो, मशीनची पायपट्टी दाबण्याआधी जरा थांबणारा.

टाळ्या खूप पडल्या. ठकीने मलाही मंचावर बोलावलं, आणि एवढ्या विद्वानांना तुझ्या दादाने एका हाताने नमस्कार केला. विभागाच्या बाईंना तो आधुनिक वाटला असावा. ठकीला कायम केलं आहे.

तुझा,
दादा

ता. क. पुढच्या महिन्यात पहिल्या शनिवारी हाच कार्यक्रम पुन्हा आहे, दुपारी चारला. तोवर माझा पट्टा पियानोतून काढायला विभागाने मनाई केली आहे. तेव्हा त्या दिवशी त्याच्या जागी बसवायला मशीनचा जुना पट्टा तुझ्या खणात असेल तर हवा आहे. असणारच, तू टाकणारी नव्हेस. पोस्टाने पाठवू नकोस. त्याचा जोड कसा घालायचा ते तुझ्याच हाताला माहीत, तेव्हा पट्टा आणि हात एकदमच आण.

ता. क. २. मुक्काम अजून ठकीकडेच आहे, पण हे तुला लिहितोय हे तिला सांगितलेलं नाही. तिने नको म्हटलं होतं.

ता. क. ३. ठकी मागे उभी राहून सगळं वाचून गेली. मला वाटलं, आता पत्र फाडते. तिने फक्त एवढंच विचारलं, "आईच्या गुडघ्याला काय झालंय?" तर वर मी गुडघ्याचं रीतीप्रमाणे विचारलं होतं, ते सोड. आता खरं खरं सांग, विचारणारी दुसरी आहे. आणि उत्तर लवकर लिही. पत्र अजून टाकलंही नाही, तरी ती दोनदा टपालाच्या पेटीशी जाऊन आली आणि मला सांगते की पाय मोकळे करायला गेले होते.