चेंबरमध्ये पडलेलं लॉक

बाबा,

आपल्या गॅरेजात सध्या एक अजब गाडी उभी आहे. चार बुटकी चाकं, जमिनीपासून चार बोटं वर पाइपांची चौकट, आणि मागे आपल्या ओळखीचं साधं मोटरसायकलचं इंजिन. यवतमाळच्या इंजिनीअरिंग कॉलेजातल्या पाच मुलींनी शर्यतीसाठी बनवलेली गो-कार्ट आहे ही. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "हे काय व, बैलबंडीचं पिल्लू?" आर्णीत एक बाई इंजिनाचं काम करते असं कोणीतरी सांगितलं म्हणून त्या माझ्याकडे आल्या. आल्या आल्या मागण्या सुरू: हेड घासून द्या, कार्बोरेटरचा मोठा जेट टाका, ताकद वाढवा. मी तुमच्यासारखीच खेकसले, "आधी आहे ते इंजिन धड करा, मंग ताकद!" मग आठ दिवस तेच केलं. व्हॉल्व्ह घासून बसवले, टॅपेट लावले, चेनचं मागचं चक्र दोन दात मोठं घातलं, म्हणजे वळणातून सुटताना कार्ट झपकन उचल घेते. प्लग काढून त्याचा रंग वाचायला शिकवलं. तो विटकरी, म्हणजे इंजिन नीट जळत असल्याचा, निघाला तेव्हा पाचही जणी नाचल्या, आणि खोटं कायले सांगू, मीही नाचले.

निघायच्या दिवशी दुपारी टेम्पो दारात उभा होता. सकाळीच पिस्टनला नव्या रिंगा टाकून इंजिन पुन्हा जोडलं होतं. सरावाच्या फेऱ्यांत त्या रुळवायच्या असं ठरलं होतं. तेवढ्यात पिस्टन बसवणारी मुलगी माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "ताई, पिनचं लॉक लावताना उडालं. लय शोधलं, सापडलंच नाही. मी डब्यातलं दुसरं लावलं." ते लॉक म्हणजे पिस्टनची पिन जागेवर धरणारी तारेची नखाएवढी कडी, पण बसवताना खाली इंजिनाच्या चेंबरचं तोंड उघडं असतं, आत पडली तर चालतं इंजिन जाम. "फडकं कोंबलं होतं काय?" मी विचारलं. तिने मान हलवली, नाही. बाकीच्या तिच्यावर तुटून पडल्या. अगं, बाहेरच पडलं असेल, आता सांगून कायले घाबरवून राह्यली? पुन्हा उघडलं तर सरावाचा अर्धा दिवस जाणार होता. माझ्या तोंडात शिवी आली होती, बाबा. पण तिचं तोंड पाहिलं आणि मला मीच दिसले.

दिसले ती मी अठरा वर्षांची. विहारामागच्या गुरुजींची गाडी उघडून ठेवली आहे. चेंबरच्या तोंडात आईच्या जुन्या लुगड्याचं फडकं कोंब, असं बजावून तुम्ही जेवायला गेला आहात. मला घाई, मी कोंबत नाही. लॉक टिचकन उडतं. मी जमीन झाडते, नवीन लावते आणि तुम्हाला सांगते, झालं. चार दिवसांनी दारव्ह्याच्या रस्त्यावर गुरुजींच्या गाडीचं इंजिन अडकून मागचं चाक जाम झालं, ते पडले आणि त्यांचं मनगट मोडलं. तुम्ही चेंबर उघडलं, लॉकचा तुकडा बोटावर घेतला, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि त्यांना म्हणालात, "माह्याच हातून राह्यलं, गुरुजी." ते पुन्हा कधी आपल्याकडे आले नाहीत. उस्तादच्या हातातलं कसब गेलं, असं तुमच्याबद्दल गावात बोलत होते, आणि मी ऐकत होते. त्या संध्याकाळी तुम्ही फुटक्या स्पीकरचं चुंबक तारेला बांधून मला दिलंत. "ठेव तुह्याजवळ. लागन कधी." एवढंच. दोन थोबाडीत दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

टेम्पो थांबवून मी तेच चुंबक काढलं. हेड, ब्लॉक पुन्हा उतरवले. तिसऱ्या खेपेला चेंबरमधून चुंबक वर आलं तेव्हा त्याला ते लॉक चिकटलेलं होतं. मग ज्या सगळ्यात जास्त भांडत होत्या त्यांनीच त्या मुलीला मिठी मारली. फडकं कोंबून पिस्टन तिच्याकडूनच परत बसवून घेतला. शर्यतीत त्या सातव्या आल्या. सातव्या! पण शेवटच्या फेरीपर्यंत इंजिन एकदाही खोकललं नाही, बाबा. आता कार्ट इथंच ठेवून पुढच्या वर्षासाठी हेड घासायचं म्हणतात. घासू म्हटलं.

त्या मुलीला मी म्हटलं, तू सांगितलंस हे लय मोठं केलंस. ती म्हणाली, "ताई, तुमच्या हातून कधी पडलं नसंल ना?" मी हसून तिला पाना दिला. अठ्ठावीस वर्षं झाली. गुरुजी अजून आहेत, अंगणात खुर्ची टाकून बसतात. त्यांच्या घरावरून जाताना मी कालपर्यंत गाडीचा कान पिळून भर्रकन निघून जायचे. हे पत्र पाठवणार कुठं, चुंबकाच्या डब्यात ठेवते आहे. आज त्यांच्या दारापाशी पहिल्यांदा गाडी हळू केली. थांबले मात्र नाही. उद्या त्या मुलीला मागे बसवून नेते, म्हणजे थांबून गुरुजींना खरं सांगावंच लागेल.