आईने दोघांना वाटलेलं

प्रिय आत्या,

काल दुर्बिणीने माझ्या आतड्यातली गाठ काढली. डॉक्टर म्हणाले, कॅन्सर व्हायच्या आधीच सापडली. ही सगळी तुझी करणी.

तुझं आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, तिथे अशा प्रत्येक पेशंटचा आजार आनुवंशिक आहे का ते तपासतात. तुझा निघाला. दुसरं कुणी असतं तर कपाळाला हात लावून बसलं असतं. तू मात्र टाके सुकतात न सुकतात तोच आमचे तीन जिने चढून आलीस. घराच्या वाटणीवरून बाबांनी तुझ्याशी अबोला धरलेला. त्यांनी दार उघडलं, पण ‘ये’ म्हणाले नाहीत. तू बाहेरूनच म्हणालीस, "घर तुलाच लखलाभ, दादा. पण हे आईने दोघांना वाटलं असेल. रक्त तपासून घे, पोरीचंही." आणि पाणीही न पिता उतरलीस. धन्य आहे बाई तुझी!

तोच आनुवंशिक दोष आम्हा दोघांतही निघाला. उद्या बाबांची दुर्बीण आहे.

हे लिहितेय आणि बाबा मागे उभे राहून वाचतायत. म्हणतात, "पत्र राहू दे, चपला घाल. आता तिच्या दारात मी उभा राहतो. ‘ये’ म्हणते का बघू."

निघालोच.

तुझी भाची