हवालदाराच्या टाकीतल्या गोगलगायी

अन्नपूर्णा, इंदूर

आदरणीय भाऊमामा,

सविनय जयभीम. गुडघ्याचं ऑपरेशन नीट पार पडलं, तुम्ही वॉकर घेऊन संबोधीच्या घरी गॅलरीपर्यंत जाता आणि तिथे उभं राहून भोपाळच्या वाहतुकीला नावं ठेवता, हे कळून बरं वाटलं. आम्ही इकडे ठीक आहोत. माझ्याकडे ठेवलेला तुमचा हवालदार मासाही ठीक आहे (हे आधीच सांगते, म्हणजे पुढचं तुम्ही शांतपणे वाचाल).

परवा फोनवर तुम्ही म्हणालात, "बेटा, मासा झेपत नसेल तर रविवारी महूचे आपले मोहनराव येऊन त्याला घेऊन जातील." मी "बघते" म्हटलं. त्या "बघते"चा अर्थ माझा मलाच लागला नाही, म्हणून लिहिते आहे. मामींनी हौसेनं आणलेला मासा. तो कुणाकडे राहावा हे अर्धवट माहितीवर ठरू नये.

झालं असं, की टाकी मला ओकीबोकी वाटली म्हणून मी एक पाणवनस्पती आणली. तिच्या पानाखाली डिंकासारखा एक थेंब होता. त्यातून गोगलगायी निघाल्या. पहिली दिसली तेव्हा मी आमच्या ज्ञानदीपला हाक मारून कौतुकानं दाखवली (कौतुकाची घाई करू नये, असं त्या दिवशीच्या रोजनिशीत नंतर लिहिलं). मग त्या वाढल्या, आणि फिल्टरच्या पाइपात शिरल्या. आतली फिरकी अडली, फिल्टर घुर्र करून थांबला आणि काचेलगत गस्त घालणारा हवालदार वर येऊन तोंड उघडमीट करू लागला. मी फिल्टर खोलला, चिमट्यानं एकेक गोगलगाय काढली आणि वाटीत ठेवली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

आता पुढची अडचण तुम्ही समजून घ्यालच, कारण ती तुम्हीच करून ठेवली आहे. माझं नाव तुम्ही ठेवलंत. दुसरं काही ठेवलं असतंत तर मी ती वाटी मोरीत उपडी करून मोकळी झाले असते. पण पंचशीला म्हणवून घ्यायचं आणि जीव न घेण्याच्या पहिल्याच शीलाला मोरी दाखवायची, हे मला जमेना. ज्ञानदीप म्हणाला, "फिनाइलनं फरशी पुसतेस तेव्हा जंतूंची परमिशन घेतेस का?" या प्रश्नावर मी प्रामाणिकपणे विचार केला. त्या आठवड्यात फरशी नुसत्या पाण्यानं पुसली गेली.

माशांच्या दुकानात गेले. दुकानदार म्हणाला, "अरे भिया, किलर घोंघा छोड़ दो, बाकी सबको निपटा देगा." (किलर घोंघा म्हणजे इतर गोगलगायींना खाणारी गोगलगाय. मी बाई आहे हे त्याला दिसत होतं, पण इंदुरात "भिया"ला लिंग नसतं.) मी विचारलं, पाप कुणाला लागेल? तो म्हणाला, "घोंघे को. अपना क्या है!" सुपारी देणारा निर्दोष, हे काही मला पटलं नाही. मग कंटाळून तो म्हणाला, उकडलेली काकडी टाका, सगळ्या तिच्यावर गोळा होतील, उचलून घ्या.

मी काकडी चिरली, उकडली, ताटलीत मांडली आणि टाकीत सोडली. पाणी पिवळट झालं तेव्हा लक्षात आलं, की हातानं आपल्या सवयीनं वरून पोह्यांवरचं मसालेदार जिरावण भुरभुरवलं होतं. हवालदाराला तातडीनं साठवणीच्या पाण्याच्या बादलीत हलवलं. गोगलगायी मात्र तिखटमिठापासून पळून सगळ्या झाकणाला येऊन चिकटल्या. मी त्या सहज वेचून वाटीतल्यांसकट डब्यात भरल्या. हेतू नव्हता, तेव्हा दोष नाही. पण फायदा झाला, तेव्हा मी अगदी निर्दोषही नाही. तुमचं मत कळवा.

डबा घेऊन कृष्णपुऱ्याला नदीवर गेले. पायरीवर बसलेले एक गृहस्थ म्हणाले, "मैडम, अस्थि-विसर्जन यहाँ मत करो, पानी ठीक नहीं है." मी म्हटलं, "नहीं भैया, अभी सब जिंदा हैं." ते उठून बरेच लांब जाऊन बसले. मीही पाणी पाहिलं. ते गोगलगायींना बरं नव्हतं, आणि परक्या गोगलगायी नदीला बऱ्या नव्हेत. डबा घेऊन परत आले. आता त्या ओट्यावरच्या काचेच्या बरणीत राहतात आणि बिनमसाल्याची काकडी खातात. पाइपच्या तोंडाला ज्ञानदीपनं नवा स्पंज बांधला, मी माशाचं खाणं कमी केलं (उरलेल्या दाण्यांवरच त्या पोसल्या जात होत्या), टाकीचं पाणी बदललं. तेव्हापासून फिल्टर अडलेला नाही.

एकूण हा व्याप झेपण्यासारखा नाही, हे तुमच्या लक्षात आलंच असेल. संबोधीला आशीर्वाद.

तुमची भाची,
पंचशीला

ता. क. मोहनरावांना फोन करून रविवारी येऊ नका म्हणून सांगाल का? मी सांगितलं तर ते कारण विचारतील. सकाळी चहा घेताना हवालदार कपासमोर येऊन उभा राहतो. हे काही कारण म्हणून सांगता येत नाही. तुम्ही बरे होऊन याल तेव्हा तो तुमचाच. तोवर राहू द्या.

ता. क. २. काल पाहिलं, टाकीत चुकून राहिलेली गोगलगायीची पिल्लं हवालदार वेचून खातो. आवडीनं. हे पाप कुणाचं, ते मी त्याला विचारलेलं नाही. तुम्हीही विचारू नका.